बोटाएवढे मासे

सोजरबाईंच्या घरात बकरं शिजायचं, तेही परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. मासा मात्र त्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. "पाण्यातलं किडं ते," असं सोजरबाई म्हणायच्या, आणि त्यांनी म्हटल्यावर अख्ख्या आळीत कुणाची उलटं बोलायची छाती नव्हती.

पण सून अंबू पडली भीमाकाठची. तिसरा महिना लागला आणि तिच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी उलटली, पेज उलटली, दहीभातसुद्धा उलटला. मागच्या खेपेला अशीच वाळत गेली होती आणि पोर हातचं गेलं होतं. शेवटी भिंतीकडे तोंड करून ती पुटपुटली, "आत्याबाई, आरावर भाजलेलं बारकं मासं मिळालं तर खाईन वाटतंय."

डोहाळे मोडायची सोय नव्हती. हिप्परग्याच्या तलावावरनं मासे घेऊन येणाऱ्या केराबाई भोइणीला सोजरबाईंनी परसदारी बोलावलं आणि फुटक्या सुपात पसाभर मासे ओतून घेतले.

"साफ करून दिऊ का, आक्का?"

"मला शिकवतीस व्हय? बकऱ्याची आतडी धुतल्यात म्या या हातानं. जा!"

नाकाला पदर बांधून त्या विळीवर बसल्या. मेल्यांना पापण्यासुद्धा नव्हत्या, टकामका बघत होते. धरावं तर शेंबडासारखे हातातून सटकत. खवले उडून बांगड्यांना चिकटले, एक तर ओठावर बसला. सोजरबाईंना तिथल्या तिथं दोनदा ओकारी आली. मग रागारागानं एकेकाचं पोट चिरलं आणि मुठीत दाबून आतली घाण पिळून काढली. हिरवट पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. तिखट-मीठ चोळून मासे निखाऱ्यावर टाकले तेव्हा धुरानं परसातली तुळससुद्धा नाक मुरडेल असं त्यांना वाटलं.

अंबूनं एक घास घेतला आणि तोंड वाकडं करून थुंकला. "कडू हायत, आत्याबाई."

"मागितलंस तू, आन आता नखरं?"

अंबूच्या डोळ्यांतून पाणी आलं. नखरा की खरं, कळायला एकच वाट होती. सोजरबाईंनी डोळे मिटले, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. लिंबाचा पाला चावल्यागत झालं! त्या न्हाणीत पळाल्या, घसा खरवडून खरवडून चुळा भरल्या.

मग पायात वहाणा घालून आळीच्या तोंडाशी गेल्या. केराबाई टोपली मांडून बसली होती, भोवती चार बायका. "कडू मासं दिलंस मला!" सोजरबाई कडाडल्या.

"पित्त फोडलंसा न्हवं, आक्का?"

"बकऱ्याचं पित्त दिसतं डोळ्याला. ह्या एवढ्याशा किड्याला कुटलं आलंय पित्त?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. सोजरबाईंनी त्यांतल्या एकीकडे असं पाहिलं की तिचं हसू घशातच अडकलं. पण मान खाली गेली ती त्यांचीच. "चल घरी. दाव मला."

टोपलीतले पसाभर मासे पुन्हा सुपात ओतून केराबाई न्हाणीच्या दगडावर बसली. गळ्याखाली नखानं जरा फाडायचं, आतडं चिमटीत धरायचं. "दाबायचं न्हाय, आक्का. नुसतं वढायचं." सोजरबाईंनी ओढलं. पहिलं फुटलं, तो मासा कावळ्याला गेला. दुसऱ्याचं सगळं गार, लिबलिबीत, सलग बाहेर आलं, कडेला पित्ताचा हिरवा मणी न फुटता तसाच. त्यांच्या अंगावर काटा आला. तरी सुपातले सगळे त्यांनीच केले, केराबाईला हात लावू दिला नाही.

अंबूनं एक खाल्ला. मग दुसरा. मग डोकी कुडूमकुडूम चावून सात. सोजरबाई दारात उभ्या, नाकाला पदर, नजर सुनेच्या गळ्यावर. आता ओकायला उठेल, मग उठेल. अंबू उठली नाही. बोटं चोखत ती म्हणाली, "आत्याबाई, गरम भाकरी मिळंल का?"

तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

सोजरबाईंनी आपले हात नाकाशी नेले. राखेनं चारदा घासले होते, तरी घाण तशीच, नखात अजून खवले. या हातांनी पीठ मळायचं?

"शी, शी, शी," असं म्हणत त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि दोन्ही हात त्यात घातले.