नानांचा कान

पुण्याहून व्याख्यानाला आलेल्या साहेबांनी पाकिटातून एक जाड कागदाची पट्टी काढली आणि ही कॉम्प्युटरची भाषा असं सांगून ती पहिल्या बाकावर दिली. पट्टीवर बारीक चौकोनी भोकं पाडलेली होती. ज्याच्या हातात ती येई तो उजेडाकडे धरून बघे, मान हलवी आणि काही कळलं नाही हे न सांगता पुढे देई. शिर्डीचा रेडिओवाला बन्सी भोकं मोजायला लागला, तेव्हा मागच्यांनी त्याच्या हातून ती ओढूनच घेतली. मग पट्टी गहिनीनाथ नानांकडे आली. नानांनी ती उलटसुलट केली आणि सवयीने कानाला लावली.

सगळी शेड हसली. साहेबही हसले. नाना मात्र गंभीरच.

"काय बोलंना," ते म्हणाले. "आपल्यासंगं तरी न्हाई."

ही एकाहत्तर सालातली कार्तिक अमावस्या. आमच्या यांत्रिक मित्र मंडळाची सभा दर अमावस्येला भरायची, कारण आमच्या भागात त्या दिवशी कोणी इंजिन उघडत नाही की नव्या कामाला हात घालत नाही. राहात्यापासून बसच्या दोन स्टॉपवर आमचा साखर कारखाना. तिथल्या वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाळी नसलेले फिटर, खेडोपाडीचे पंपवाले, एस.टी. डेपोचे दोघे-तिघे असे तीसेक जण जमायचे. चीफ इंजिनिअर अध्यक्ष. मी कारखान्याच्या स्टोअरचा कारकून, अक्षर बरं म्हणून मंडळाचा चिटणीस. मला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हे आजही विचार करून सांगावं लागतं, पण मंडळाची नोंदवही माझ्याकडे असल्यामुळे मला मान होता.

मंडळाची एक रीत होती. सभेच्या सुरुवातीला मोडलेल्या भागाची फेरी व्हायची. त्या महिन्यात ज्याच्या चुकीने काही मोडलं असेल त्याने तो भाग स्वतः आणायचा. भाग एकेकाच्या हातून पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. मग त्याने उठून आपली चूक सांगायची आणि मी ती त्याच्या नावासकट नोंदवहीत लिहायची. दुसऱ्याची चूक सांगायला सक्त मनाई होती. झाकली मूठ सव्वा लाखाची हे साऱ्या जगाला कबूल असलं तरी आमच्या शेडमध्ये ते चालत नसे. नानांचं नाव मात्र मंडळाच्या बारा वर्षांत एकदाही वहीत आलं नव्हतं.

नाना मूळचे पाथर्डीकडचे. आईबापाबरोबर ऊसतोडीला आले, कोयता टाकून कारखान्यात हमाल म्हणून चिकटले आणि कोणाच्या शिकवणीशिवाय फिटर झाले. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक पोलादी सळई होती. तिचं एक टोक चालत्या पंपाच्या अंगावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग निकाल एका शब्दात. गातंय, म्हणजे बेअरिंग ठीक. रडतंय, म्हणजे बदला. नाना रडतंय म्हणाले की चीफ साहेब चालता पंप बंद करायचे, काही न विचारता.

त्या दिवशीही एकाने पुण्याच्या साहेबांना विचारलं की बेअरिंग कधी जाणार हे तुमचं यंत्र सांगेल काय. साहेब उत्तर जुळवत होते तोवर चीफ साहेबच म्हणाले, "त्यासाठी आमच्याकडे नाना आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सभा संपल्यावर नाना आणि मी कॅनॉलच्या भरावावरून वसाहतीकडे निघालो. दिवस मावळला होता. पाऊस त्या साली कमीच पडला होता, पण कॅनॉलला पाणी होतं आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. त्या उसातून रातकिड्यांनी असा काही कल्ला केला होता की मला नानांचं बोलणं ऐकायला त्यांच्याजवळ सरकावं लागलं.

"औंदा रातकिडं न्हाईत बघा, भाऊसाहेब," नाना म्हणाले. "पाऊस न्हाई. मेलं जनू समदं."

मी थांबलो. नाना पुढे चालत राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि माझे दोन्ही कान त्या किर्र आवाजाने भरून गेले होते. पंचवीस वर्षं कारखान्याच्या धडधडाटात काढलेल्या माणसाचं असं होतं, बारीक आवाज आधी जातात, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण जे कळायचं ते मला तिथेच कळलं होतं.

मी काय केलं? म्हणालो, "हो, या साली कमीच आहेत." दुसरं काही सुचलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं. खरं म्हणजे मला ते सांगवेना. ज्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट कमावली, ती त्याच्याजवळ राहिली नाही हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू म्हटलं. तो उद्या काही उगवला नाही.

दीड महिन्याने, ऐन हंगामात, थंड पाण्याच्या मोठ्या पंपाचं बेअरिंग जळून पंप जाम झाला. पाणी थांबलं तसा सारा कारखाना थांबला, अकरा तास. आवारात शेकडो बैलगाड्या ऊस घेऊन उभ्या राहिल्या आणि ऊस उन्हात वाळत गेला. संचालक येऊन उभे राहिल्यावर चौकशी लागलीच बसली आणि जबान्या लिहायला, अक्षर बरं म्हणून, मलाच बोलावलं.

पंपावर ऑईलमन होता आसाराम. तोही पाथर्डीकडचा, नानांच्याच शब्दावर लागलेला. वेळच्या वेळी पंपाला तेल-ग्रीस घालायचं हे त्याचं काम, आणि त्याच्या घराण्यात पहिल्यांदाच कोयता सुटला होता तो या कामामुळे. नानांनी जबानीत सरळ सांगितलं की आदल्या दिवशी सळई लावून ऐकलं, पंप गात होता. नाना खोटं बोलत नव्हते, त्यांना ऐकू आलं तेवढंच ते सांगत होते. मग राहिला आसाराम. त्याने ग्रीस घातलं नसणार, दुसरं काय? त्याला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "नाना म्हनले गातंय, मंग गातच आसंल. माजंच कायतरी चुकलं आसंल."

हे वाक्य मी लिहून घेतलं, माझ्या बऱ्या अक्षरात, आणि खाली त्याचा अंगठा घेतला. आसारामला कामावरून काढलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी नानांच्या खोलीवर चहाला बसलो होतो. रंगुबाई, नानांची बायको, कपबशा भरत होती. तेवढ्यात आसारामची बायको कडूबाई जातं परत द्यायला आली. खोली खाली करून ते दोघं ऊसतोडीच्या टोळीत निघाले होते. टोळीही कुठली, आमच्याच कारखान्याचा ऊस तोडणारी, कॅनॉलपलीकडे पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, टाकून बसलेली.

कडूबाईच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने जातं ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"झोपंतबी किर्र किर्र म्हनतोय त्यो, नाना," ती म्हणाली.

नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हनतोय?"

"किर्र. दोन दिस आदीपस्नं म्हनत हुता, पंप किरकिरतोय. तुमाला सांगाया आल्ता की. तुमी म्हनले गातंय. आता म्हनतो, माजंच डोकं फिरलंय, मला नसल्यालं ऐकू येतंय. दुसऱ्यांदा कुनी मशिनीपाशी हुबं केलं तरी जायाचा न्हाई म्हनतो."

रंगुबाईने तिला चहा दिला. तिने तो उभ्यानेच घेतला आणि गेली. नानांनी बसल्याबसल्याच जातं ओढून भिंतीशी लावलं. मग उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, चला जरा.

आम्ही कॅनॉलवर आलो. तीच वेळ, तीच जागा. नाना उसाकडे तोंड करून उभे राहिले.

"भाऊसाहेब, रातकिडं हायेत का?"

माझे ओठ दिसावेत म्हणून त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"आहेत," मी म्हणालो.

"कवापस्नं?"

"होतेच, नाना. कार्तिकातही होते."

"तुमाला ठावं हुतं."

मी मान हलवली. त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या. ते तिथेच भरावावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी शेजारी बसलो. माझ्या कानात रातकिडे ओरडत होते आणि नानांच्या कानात काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत.

पौष अमावस्येच्या सकाळी नाना स्टोअरवर आले आणि त्यांनी ते जळालेलं बेअरिंग मागितलं. मी म्हणालो, नाना, तुमची नोकरी जाईल, निदान पंपहाऊस तरी जाईल. ते म्हणाले, बेअरिंग द्या. फडक्यात गुंडाळून त्यांनी ते नेलं. मग ते कॅनॉलपलीकडे टोळीच्या कोप्यांवर गेले आणि उसाच्या फडातून आसारामला घेऊन आले. ऑईलमनला मंडळाच्या सभेत बसायची पद्धत नव्हती, पण नानांनी त्याला आपल्याच बाकावर बसवलं. त्याचे हात उसाच्या पात्यांनी कापलेले होते.

फेरी सुरू झाली. बेअरिंग निळं-काळं पडलेलं, गोळ्या चपट्या झालेल्या. हातोहात ते फिरलं. बन्सीने ते घेतलं आणि एकदा नानांकडे पाहिलं. चीफ साहेबांनी ते लवकर पुढे दिलं, कारण ते कशाचं आहे हे त्यांना माहीत होतं. आसारामकडे आलं तेव्हा त्याने ते दोन्ही हातांत धरलं आणि नियम माहीत नसूनही तो काही बोलला नाही. शेवटी ते नानांकडे परत आलं.

नाना उठले. सांगायला त्यांना वेळ लागला नाही.

"ह्ये माज्या कानानं मोडलंय. ह्या आसारामनं मला सांगितलं हुतं का पंप किरकिरतोय. मी सळई लावली. मला किरकिर ऐकूच आली न्हाई. मला आता बारीक ऐकू येत न्हाई. म्या त्येला म्हनलं गातंय, आन त्येनं माजं खरं मानलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवा, भाऊसाहेब."

मी वही उघडून नुसती तारीख घातली. ते थांबून राहिले, म्हणून मी लिहिलं. गहिनीनाथ यांचं नाव बारा वर्षांत पहिल्यांदा. त्याखाली मी माझं नाव लिहिलं आणि उभं राहून सांगितलं की नानांना ऐकू येत नाही हे मला दोन महिने माहीत होतं, जबानी लिहितानाही माहीत होतं. शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज तेवढा येत होता.

आसाराम हळूच म्हणाला, "म्हंजी मला खरंच ऐकू येत हुतं."

नानांनी ते ओठांवरून वाचलं. "व्हय," ते म्हणाले. "तुलाच येत हुतं."

आसारामने उपरण्यात तोंड घातलं आणि तीस माणसांसमोर तो मोठ्याने रडला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातातलं बेअरिंग काही खाली ठेवलं नाही.

पंधरा दिवसांत आसाराम परत कामावर आला. मला एक ताकीदपत्र मिळालं, ते मी जपून ठेवलं आहे. नानांना पंपहाऊसमधून काढून गेस्ट हाऊसच्या बागेवर दिलं. चीफ साहेब भला माणूस, त्यांनी पगार कमी होऊ दिला नाही, पण पंपहाऊसवरून जाताना नाना मान वर करत नसत. सळई त्यांनी रंगुबाईच्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून दारात रोवली. वेल चांगला चढला. सभेला मात्र ते यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, आणि परतताना कॅनॉलवर थांबून मला विचारायचे, हायेत का? मी म्हणायचो, आहेत. तेवढं झालं की आम्ही पुढे निघायचो.

पुढचं साल बहात्तरचं. पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. आसपासची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, कॅनॉल कोरडा पडला, ऊस उभ्याउभ्या जळून गेला. गाळायला ऊसच नसल्याने कारखान्याचं धुराडं गार होतं. कार्तिक अमावस्येच्या सभेला सात जण आले. फेरीला कोणी काही आणलं नव्हतं, काही चालतच नव्हतं तर मोडणार काय?

परतताना नाना नेहमीच्या जागी थांबले. कॅनॉलच्या तळाची माती भेगाळली होती. दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. नाना वर्षभरात वाकले होते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"हायेत का, भाऊसाहेब?"

मी कान देऊन ऐकलं. लांबवर कुठे तरी एखादा असेल म्हणून श्वास धरून ऐकलं. काही नव्हतं. माझ्या आयुष्यात कॅनॉलवर इतकं शांत मी कधी ऐकलेलं नाही. नानांना एवढे दिवस असं ऐकू येत होतं, हे मला तेव्हा समजलं.

"आहेत, नाना," मी म्हणालो. "पुष्कळ आहेत."

ही चूक मी मंडळाच्या फेरीत कधी ठेवली नाही. नानांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली, सळई लावताना करायचे तशी, आणि त्या वाळून गेलेल्या रानाकडे कान करून ते थोडा वेळ उभे राहिले.

"गात्यात," ते म्हणाले, आणि चालू लागले.