नारिंगी टोपण

औषधबाईंच्या दुकानात जाणारा माणूस ऐकायची तयारी ठेवूनच जायचा. साधी डोकेदुखीची गोळी मागितली तरी ती कधी घ्यायची, कशावर घ्यायची, एकीच्या जागी चार घेतल्या तर काय होतं, हे सगळं सांगितल्याशिवाय बाई पाकीट हातात ठेवायच्या नाहीत. मागे रांग लागली तरी वाक्य अर्धं सोडायच्या नाहीत. "अंदाजे घेऊ नये" हे त्यांचं पालुपद. बाटलीचं टोपण काढून त्याच्या आतली रेघ दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे इथपर्यंत. चमचा नको, चमचे घरोघरी वेगळे असतात." गल्लीतली पोरं त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

व्हिडिओचं खूळ लेकीने डोक्यात भरवलं. लेक पंधरा वर्षांची, हातात फोन नसेल तर तिला हात कुठे ठेवावेत तेच कळत नसे. "आई, एकेकाला पिडण्यापेक्षा एकदाच काय ते बोल ना!" खोकल्याचं एक औषध पोरं नशेसाठी पितात, असं बाईंच्या कानावर आलं होतंच. त्यांनी पांढरा कोट चढवला, नारिंगी टोपणाची बाटली हातात धरली आणि सवयीप्रमाणे सगळं सविस्तर सांगितलं. किती टोपणांनंतर भिंती हलायला लागतात, किती टोपणांनंतर श्वास मंदावतो. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "गंमत म्हणूनसुद्धा घेऊ नका, पोरांनो." आठवड्यात हजारो लोकांनी तो पाहिला. बाई हुरळल्या, उगाच खोटं कशाला बोला. रोज कोटाला इस्त्री करायला लागल्या.

शनिवारी दुपारी खारू आली. खारू ही लेकीची बालवाडीपासूनची मैत्रीण. पुढचे दोन दात मोठे म्हणून खारूताई, आणि अंगाने अजूनही एवढीशीच.

"काकू, आजोबांना खोकला झालाय. ती नारिंगी टोपणवाली द्या ना."

ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हा नियम बाईंना झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. पण खारू घरचीच. बाईंनी बाटली दिली आणि टोपणातली रेघ दाखवायला लागल्या, तशी खारू हसून म्हणाली, "पाठ आहे, काकू."

अर्ध्या तासाने कॉलेजातली दोन मुलं आली आणि त्यांनीही तीच बाटली मागितली. बाईंनी चिठ्ठी विचारली तर दोघं एकमेकांकडे बघून खिदळली.

"तुम्हीच सांगायचं आणि तुम्हीच चिठ्ठी मागायची होय?"

त्यातल्या एकाने फोन पुढे केला. पडद्यावर बाईच होत्या. डोळ्यांवर कुणीतरी काळा चष्मा चिकटवलेला, मागे धडाधड संगीत, आणि बाईंचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा: भिंती हलायला लागतात, भिंती हलायला लागतात. श्वासाचं वाक्य कापलेलं. हात जोडणंही कापलेलं. खाली नाव दिलं होतं, 'काकूंचा डोस'. बोट सरकवावं तसे दुसरे व्हिडिओ येत होते. कुणी पलंगावर, कुणी शाळेच्या जिन्यात. आधी टोपणं मोजायची, मग हसायचं.

पाठ आहे, काकू.

त्या मुलांना अक्षरशः ढकलून बाईंनी शटर ओढलं, कुलूप लावायचं राहिलं, ते लक्षात आलं तरी परत फिरल्या नाहीत. खारूचा फोन लागेना. लेकीचा वाजत होता, पण ती उचलेना. ती क्लासला गेली होती. म्हणजे तसं सांगून गेली होती. सिग्नलला बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिल्या आणि शेवटी दिवा लाल असतानाच धावल्या. एक मोटारवाला शिव्या देत गेला.

खारूच्या आजोबांनी दार उघडलं. "खोकला? मला? छे! मी ठणठणीत आहे. पोरी गच्चीवर अभ्यास करताहेत की दोघी."

दोघी. चार मजले. बाईंच्या गुडघ्यांनी कुरकुर करायचं सोडून दिलं होतं.

पाण्याच्या टाकीला टेकवून फोन उभा केलेला, अजून चालू. खारू कडेला कलंडलेली, ओठ राखेसारखे. लेक तिचे गाल थोपटत होती.

"आत्ता हसत होती गं! आई, आत्ताच हसत होती!"

बाईंनी खारूच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, पण पुढचा यायला फार वेळ लागत होता. त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, खारूला कुशीवर वळवलं, तिच्या नावाने हाका मारत राहिल्या.

"किती दिलंस?"

लेकीने आकडा सांगितला. भिंती हलायचा, बाईंचाच आकडा. "रेघेपर्यंत मोजून, आई. एकेक टोपण." मग रडतच म्हणाली, "वर्गात सगळ्यांनी केलाय. तुझीच आई आणि तुझाच व्हिडिओ नाही म्हणून मला चिडवत होते."

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही लेकीनेच उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं नक्की आकडा कळला, आणि आत गेले. आजोबा बाकावर बसून हातातली खारूची चप्पल सारखी उलटसुलट करत होते. बाईंना एका जागी बसवेना. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. नळी घालावी लागली होती. वाचेल असं वाटतंय, म्हणाले, पण रात्र जाऊ दे. एवढ्याशा अंगाला ते फारच झालं होतं.

लेक बाईंच्या कोटाला धरून उभी होती.

"आई, श्वासाचा आकडा तर पुढचा होता ना? मी तुझा पूर्ण व्हिडिओ पाहिला होता. आम्ही त्याच्या दोन टोपणं आधीच थांबलो. मग असं कसं झालं?"

तो आकडा कुठल्या पुस्तकात होता, हे बाई आठवायला लागल्या. कुठल्याच नव्हता. फोनसमोर उभं राहिल्यावर बोलण्याच्या भरात आला होता.

"तो मी अंदाजे सांगितला होता," बाई म्हणाल्या.