सोडतीत लागलेली रायफल

अग्निशमन दलाच्या सोडतीत व्हर्ना शिम्कोला आयुष्यात पहिल्यांदा काही लागलं, आणि लागलं तेही काय, तर लष्करी धाटणीची रायफल! दरवर्षी तिकीट घ्यायचं ते दलाला हातभार म्हणून. बक्षीस काय आहे ते बघतो कोण? पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगराळ गावात सोडतीला बंदूक ठेवणं म्हणजे काही नवल नव्हे.

बंदुकांच्या दुकानात रीतसर नावावर करून घेऊन शनिवारी सकाळी ती रायफलीसकट थेट दलाच्या शेडमध्ये आली. तिचा मुलगा डेल तिथलाच जवान. त्याचा चेहरा फुलला.

"आण इकडे, आई. तुला काय करायचीय?"

"कापायचीय. अपघातात गाड्यांचा पत्रा कापता ना, ती इंजिनाची करवत काढ."

दलाचा प्रमुख मर्ल हसतच सुटला. "डोकं ठिकाणावर आहे ना, व्हर्ना? राजधानीत ते बंदूकबंदीवाले ओरडतायत, त्यांना सामील झालीस की काय?"

"ते भांडेनात का वर्षभर! मी शाळेची बस चालवते. पहिलीतल्या पोरांना सीटांच्या मधे पालथं पडून चिडीचूप कसं राहायचं ते शिकवते, कुणी असलीच बंदूक घेऊन घुसलं तर म्हणून. आणि तीच घरी नेऊ?"

"पप्पांची बंदूक आहेच की भिंतीवर!" डेल उसळला.

"आहे. तिनं मारलेलं हरीण खाऊन तू वाढलास. हिनं मारलेलं काय खाणार, सांग ना?"

"बरं, मग मला दे," मर्ल समजुतीनं म्हणाला.

"का? वस्तू माझी, हक्क माझा. प्रत्येक सभेत घसा फोडून हेच सांगतोस ना तू? मग आता आड येऊ नकोस."

डेल पेटला. "कापलीस तर आजपासून मला मुलगा म्हणू नकोस!"

नवरा गेल्यापासून व्हर्नाला होता तो हा एकटाच. तरी तिनं रायफल रिकामी असल्याचं नीट बघितलं, टेबलाच्या पकडीत आवळली आणि करवत उचलली. दोरी ओढली. यंत्र घरघरून बंद पडलं. कुणी पुढे आलं नाही. तिनं पुन्हा ओढली, तशी करवत थरथरत सुरू झाली.

डेलनं झडप घालून खटका बंद केला. आता हा हिसकावणार म्हणून तिनं मूठ घट्ट धरली. पण त्यानं खुंटीवरचा जाड चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला.

"ठिणगी जाईल डोळ्यात," तो गुरगुरला. "आणि मला अजून पटलेलं नाही."

"नसू दे," ती म्हणाली. "मागे सरक."

आणि तिनं दोरी ओढली.