दुपारी एक तास आडवे व्हावे

"वयनी, माही गोळी बिरसीलेच राह्यली ना वो!"

बिरसीहून आलेल्या धुरपताबाईंनी पिशवी ओसरीवर उपडी केली होती. दोन लुगडी, पावडरचा डबा, भावासाठी आणलेला टॉवेल, नातवाची एक चड्डी. गोळ्या कुठेच नव्हत्या. नणंद भाऊबीजेला आली होती ती गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, करूनच जाणार होती. म्हणजे आणखी आठ दिवस.

अनुसयाबाईंचे दोन्ही हात पिठात होते. त्यांनी कोपरानेच फळीकडे खूण केली. "तिथी माही गोळ्याची पत्ती आहे, बाई. त्यातली घ्या."

"अन तुले पुरन का?"

"पुरन न. आपला इंद्रकुमार उद्या तिरोड्याले जाऊनच राह्यला, नवी पत्ती आणन."

मुलगी रुची दारात उभी होती. "आई, बीपीची गोळी अशी वाटून खातेत का? आत्याची येगळी राहू शकते."

"बीपी त एकच आहे न माय. पाहुणं माणूस मागते, त्याले कायले नाही म्हणू?"

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या या गावात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. टॉवेल मागितला तर टॉवेल, खाट मागितली तर खाट. गोळी काही खाटेपेक्षा मोठी नव्हती.

फळीखाली भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. तिरोड्याच्या डॉक्टरांनी दसऱ्याआधी सांगितलेलं रुचीने मोठ्या अक्षरांत उतरवलं होतं. सण आले आहेत, सांभाळा, असंही डॉक्टर म्हणाले होते. तेवढं तिने लिहिलं नव्हतं.

*मीठ कमी खावे.*

मीठ कमी म्हणजे सगळ्यांच्याच भाजीत कमी. एकटीसाठी वेगळी भाजी रांधायला अनुसयाबाई काय घरच्या जावई होत्या? पहिल्याच जेवणाला त्यांचा नवरा दुलीचंद म्हणाला, "आज भाजी दवाखान्यातून आणली का वो?" सगळे हसले. अनुसयाबाईही हसल्या. दुसऱ्या वेळेपासून मीठ जसं होतं तसं झालं.

*गोळी चुकवू नये.*

पत्तीत आठ गोळ्या होत्या. दिवसही आठ. त्या पाहुणीच्या झाल्या.

दिवाळी सरली की इकडे रोज कुठल्या ना कुठल्या गावची मंडई असते. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघर पाहुणे. दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे पुढच्या गावात. इंद्रकुमार मंगळवारी तलावापलीकडच्या मंडईला गेला. बुधवारी मामाच्या गावच्या. गुरुवारी मित्राच्या गावाला. रोज मोटारसायकलला लाथ मारताना म्हणायचा, "उद्या पक्का, आई."

"आई, तू गोळी घेतली का?" रुची रोज विचारायची.

"घेतली न. कितीक डाव इचारतेस?"

*ताण घेऊ नये.*

"किती जण येतीन?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"असतीन पंधराक," दुलीचंद म्हणाला. गेल्या वर्षीचे पंधरा बेचाळीस निघाले होते.

*दुपारी एक तास आडवे व्हावे.*

मंडईच्या दिवशी सकाळपासून डोकं जड होतं. अकरापर्यंत तीनदा पोहे झाले. चहाचं भांडं चुलीवरून उतरलंच नाही. पंगती उठल्या, आणि दोनच्या सुमाराला चौकातून डफाचा आवाज आला तशी सगळी माणसं दंडारीचा खेळ पाहायला निघाली. धुरपताबाई नवं लुगडं नेसून दारात आल्या.

"चाल न वयनी. शिंगाडे खाऊ, बांगड्या भरून देतो तुले."

"तुमी व्हा पुढं, बाई. मी जराशी पडतो."

घर आठ दिवसांत पहिल्यांदा रिकामं झालं. अनुसयाबाई आतल्या खोलीत गेल्या. खाटेवर पाहुण्यांच्या पिशव्यांचा ढीग होता, आणि ढिगाला टेकून कुणाचं तरी लेकरू झोपलं होतं. त्यांनी लेकराच्या अंगावर पदराएवढं फडकं घातलं आणि धानाच्या पोत्यांमागे, दीड हात मोकळ्या जागेत, पोतडं अंथरलं. पाठ टेकली. छपराच्या कवेलूंमधून उन्हाचा एक रुपयाएवढा ठिपका पडला होता. त्याच्याकडे बघत राहिल्या.

पाच मिनिटं झाली असतील.

"हाये का कोणी घरी?"

आमगावचे बिसराम होते, दुलीचंदच्या ओळखीतले. गाडी उशिरा आली होती. अनुसयाबाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला. "यान जी. बसा. पाणी देतो."

पाण्याच्या गुंडाकडे गेल्या. उजवा हात लोट्यावर ठेवला. लोटा उचलला गेला नाही. हात लोट्यावर तसाच होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. चहा मांडतो, असं त्या म्हणाल्या. निदान त्यांना तसं वाटलं. बिसरामांना वाटलं, वहिनी अर्ध्या तोंडाने हसून राहिल्या.

*शांत राहावे.*

गोंदियाच्या दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "गोली कब से बंद है इनकी?"

इंद्रकुमार खाली बघत होता. रुचीने आत्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मी खाल्ली जी," धुरपताबाई म्हणाल्या. "वयनीची गोळी मी खाल्ली. आठई दिवस."

खाटेवरून अनुसयाबाई मान हलवत होत्या, नाही, नाही. तोंडातून शब्द येत नव्हता.

पुढच्या वर्षी दुलीचंद म्हणाला, "यंदा कोनाले बलवत नाही मी."

"ये... येऊ द्या," अनुसयाबाई म्हणाल्या.

पाहुणे आले. चूल रुचीने आणि धुरपताबाईंनी सांभाळली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती; मंडईच्या पहिल्या पंगतीत अनुसयाबाई कधी बसल्या नव्हत्या. या वेळी दुलीचंदने धरून आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. धुरपताबाई शेजारी टेकल्या, घास कालवला.

"आ कर, वयनी."

अनुसयाबाईंनी मान फिरवली. डावा हात पुढे केला. दुलीचंदला आधी कळलं नाही. मग त्याने लोटा आणून त्या हातावर पाणी घातलं.

पंगतीत डाव्या हाताने कुणी जेवत नाही. दोन म्हाताऱ्या बायांनी आपापल्या ताटात बघितलं. पहिला घास अर्धा मांडीवर सांडला. दुसरा तोंडापर्यंत पोचला. तोवर पंगतीत कुणीच सुरुवात केली नव्हती.

धुरपताबाई उठल्या आणि भाताची परात घेऊन ओळीने वाढत आल्या. अनुसयाबाईंसमोर थांबल्या.

"घे न वो थोडासाक."

पाहुणे धरतात तसा अनुसयाबाईंनी ताटावर हात धरला. "पु... पुरे."

"एक मूठ त घे, वयनी."

हात तसाच राहिला. धुरपताबाई वाकलेल्या, परात कमरेला टेकलेली. मग हात सावकाश बाजूला झाला.