माझ्या काचेला बिलगलेल्या पेशी

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जाड काचेची. भट्टीत तापून निघालेय, तेव्हा मला हलकी समजू नका. आजकालच्या प्लास्टिकच्या बाटल्या एकदा वापरल्या की कचऱ्यात. मी मात्र वर्षानुवर्षं वाफेतून निघून फळीवर ताठ उभी राहिले.

माझं घर म्हणजे दम्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळे ताई म्हणत. दमेकऱ्याच्या फुप्फुसात बारीक नळी घालून ताई मिठाचं पाणी सोडायच्या आणि परत ओढून घ्यायच्या. त्या पाण्यातून फुप्फुसाच्या राखणदार पेशी यायच्या. धूळ, जंतू गिळणं हे त्यांचं काम. पण दम्यात राखणदारच घर डोक्यावर घेतात. ते का, हे ताईंना शोधायचं होतं. मी नुसतं मिठाचं पाणी सांभाळायचे. "या म्हातारीला तडा म्हणून जात नाही," ताई म्हणायच्या, आणि मी फुगायचे.

कपडे शिवणारी एक बाई तिथं यायची. तिला दमा, तिच्या लेकीलाही दमा. नवं औषध देण्याआधी तिच्या पेशी काढून झाल्या होत्या. औषधानंतर त्या शांत झाल्या का, ते आता दुसऱ्यांदा नळी घालून बघायचं होतं.

"खोकला आला तर हात वर करा हं," ताई म्हणाल्या.

"हात तर मी या दम्यापुढं कधीच टेकलेत, ताई. माझं जाऊ द्या, पोरीला काय द्यायचं ते तरी कळू दे."

त्या दिवशी पेशी ठेवायच्या प्लास्टिकच्या बाटल्या संपल्या होत्या. बाईला खोकल्याची उबळ आली. तिला सावरता सावरता ताईंनी तिच्या फुप्फुसातून ओढलेलं पाणी माझ्यात ओतलं. या पेशी काचेला चिकटतात, हे एरवी त्यांना पक्कं ठाऊक. लेकरं आईला बिलगावीत तशा त्या मला बिलगल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू! नंतर ओतून घेतलेल्या पाण्यात जवळजवळ काहीच सापडलं नाही. ताईंनी कपाळावर हात मारला, तोवर मला साबणानं घासून झालं होतं.

"पुन्हा नळी ना? घाला की. मी कुठं पळून चाललेय?" बाई हसली.

पुढच्या खेपेआधीच तिला घरी दम्याचा झटका आला. ती गेली.

मग लेक आली. "आईचं काय निघालं?"

"चूक माझी झाली, बाळा. काचेत ठेवायला नको होतं. आता इतरांच्या पेशींवरून कळेल. वेळ लागेल."

"मग आईनं दुसऱ्यांदा नळी कशाला घालून घेतली?"

रडता रडता पोरीला धाप लागली. औषधाचा पंप दप्तराच्या तळाशी होता. ती वह्या उपसत राहिली. रोज तो वर ठेवून द्यायची, ती आई.

मित्रांनो, मी फळीवर धूळ खात पडले तरी चालेल. पण कुणी सोसून तुमच्या हाती काही दिलं, तर ते कशात ठेवायचं हे आधी विचारा. आणि वर्गातलं एखादं पोर धापा टाकत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याचा पंप दप्तरात वरच आहे ना, ते बघा. त्याच्या घरी बघणारं कुणी उरलं असेलच, असं नाही.