भैरूनं ओ दिली का?

बायको पारूबाई वारल्यावर सोमनाथनं 'सातडोह' पुन्हा पहिल्या भागापासून वाचायला घेतलं. पुन्हा म्हणायचं एवढंच. आजवर त्यानं ते सगळं कानांनी वाचलं होतं. कांद्याच्या चाळीत तो सडका कांदा निवडून बाजूला टाकायचा आणि पारूबाई पोत्यावर बसून मोठ्यानं वाचायची. कामही होत होतं आणि गोष्टही पुढं सरकत होती. पुस्तकं बेल्ह्यातल्या रविंद्रच्या दुकानातून भाड्यानं यायची. नव्वदच्या सुमारास पहिला भाग निघाला, मग वर्षा-दोन वर्षांनी एकेक. सहावा आला त्या साली पारूबाईचं दुखणं बाहेर पडलं. सातवा, शेवटचा, यायच्या आत ती गेली.

गोष्टीत एक काळी नदी होती, नदीला सात डोह, आणि डोहांवरून भांडणारे राजे. सोमनाथला राजांचं काही पडलं नव्हतं. त्याला नावाडीण पाहिजे होती. ही नावाडीण दिवेलागणीला पलीकडच्या काठावरून माणसाला हाक मारायची, त्याच्याच मेलेल्या माणसाच्या आवाजात. त्यानं ओ दिली की नाव अलीकडे यायची आणि त्याला कायमचं पलीकडं न्यायची.

आणि सोमनाथला तशी हाक आली होती.

दिवाळी होऊन गेली होती. उसाचं पाणी बंद करून तो बांधावरून घराकडं निघाला होता. मागून आवाज आला, "अवं." पारूबाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. भाकरी घेऊन बांधावर आली की ती असंच 'अवं' म्हणायची, शेवट थोडा लांबवून. सोमनाथ जागच्या जागी थांबला. ऊस हलत नव्हता. पुन्हा काही आवाज आला नाही.

त्यानंतर ती हाक अधूनमधून येत राहिली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याच्या वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच भूतखेत, अंगारा, भगत हे सगळं घरातून गेलं होतं. आता कुठल्या तोंडानं कुणाकडं जाणार? म्हणून तो पुस्तकाकडं गेला. हाकेची भीती त्याला नव्हती. आपण एक दिवस ओ देऊन उसात शिरू, याची होती. कारण तसं करावंसं वाटत होतं. घरात लेक प्रज्ञा होती, नुकतीच बारावी झालेली. एकुलती एक. तिचं तोंड आठवून तो दर वेळी घरी येत होता.

त्याला धीर होता तो भैरूचा. भैरू म्हणजे सहाव्या भागातला गुराखी. त्याचीही बायको गेलेली. नावाडीण त्याला हाक मारते, तो ओ देत नाही, गुरं वळवून घरी जातो. पारूबाईनं वाचलेलं ते सोमनाथला जसंच्या तसं आठवत होतं. भैरूला जमलं ते आपल्याला जमेल, असं त्याला वाटायचं.

सोमवारी बाजार. रविंद्रच्या दुकानापुढच्या बाकड्यावर 'सातडोह'वाल्यांची बैठक बसायची. बाजाराचे बैल ने-आण करणारा टेम्पोवाला गेणभाऊ त्यातला म्होरक्या. टेम्पोत सीटमागं त्यानं निघालेले सहाही भाग ठेवलेले होते. शेवटच्या भागात कोण जगणार, कोण मरणार यावर तो आणि रविंद्र दर आठवड्याला भांडायचे. गेणभाऊचं म्हणणं, धाकट्या राणीनंच विष घातलं. रविंद्र म्हणायचा, तुला घरी बायको रागावली की तू राणीवर राग काढतोस. चहावाला मध्येच विचारायचा, तुमच्या नदीला औंदा पाणी किती, आमच्या कालव्याला तर नाय. सगळे हसायचे.

त्या सोमवारी सोमनाथनंही तोंड उघडलं. शेवटच्या भागात भैरू येणार, तोच नावाडिणीला हरवणार, असं तो म्हणाला.

गेणभाऊनं कप खाली ठेवला. "पावणं, भैरू कुठला? भैरू गेला की सहाव्यात."

"गेला न्हाई. त्यानं ओ दिली न्हाई."

"दिली राव. ओ दिली, नावंत बसला. काठावर निस्ती गाईची घंटा ऱ्हायली. म्या तर त्या पानावर टेम्पो बाजूला घेतला व्हता."

सोमनाथनं रविंद्रकडं बघितलं. रविंद्र म्हणाला, गेणभाऊ म्हणतोय तसंच आहे. मग हसत म्हणाला, नावाडिणीच्या हाकेतून आजवर कुणी सुटलेलं नाही, तसं झालं तर लिहिणाऱ्याचा धंदाच बसायचा. सोमनाथ हसला नाही. सहावा भाग त्यानं पिशवीत टाकला आणि बैठक मोडायच्या आतच उठला.

कांद्याच्या चाळीत, उजेड होता तोवर, त्यानं ते पान काढलं. बोट ठेवून ओळ ओळ वाचली. भैरूनं ओ दिली होती. नाव आली होती. आत कोण बसलं होतं ते लिहिलंच नव्हतं. घंटा तेवढी चिखलात पडली होती. गुरं आपली आपण घरी गेली, आणि भैरूची लेक दारात उभी राहिली, इथं प्रकरण संपत होतं.

सोमनाथला तो दिवस आठवला. पारूबाई याच पोत्यावर बसली होती. ती मंचरच्या डॉक्टरकडं जाऊन आलेली होती, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिनं त्याला नीट सांगितलं नव्हतं. या पानाशी येऊन ती थांबली होती. त्यानं वर बघितलं तर म्हणाली, घसा कोरडा पडला. पाणी प्यायली, आणि मग एकही शब्द न अडखळता तिनं वाचलं होतं, भैरूनं ओ दिली नाही.

ते तिनं आपल्या मनानं रचलं होतं.

पुस्तक मिटून तो उठला. उसाचं पाणी बंद करायचं राहिलं होतं. प्रज्ञा म्हणाली, आण्णा, राहू द्या, वनखात्यावाल्यांनी सांगितलंय, दिवस मावळताना उसाकडं जाऊ नका. शेजारच्या वस्तीवरची शेळी वाघरानं, म्हणजे बिबट्यानं, नेली होती, पलीकडच्या वाटेला पिंजरा लावलेला होता. तो म्हणाला, आलोच.

पाणी बंद करून तो बांधावर उभा राहिला. आज तो वाट बघत होता.

"अवं."

याआधी आवाज लांबून यायचा. आज अगदी जवळून आला, दोन-चार सऱ्यांच्या आतून. सोमनाथचं तोंड उघडलं. ओ जिभेवर आली होती. उसाची पाती सावकाश बाजूला झाली, आणि उसात काही तरी खाली बसल्यासारखं वाटलं.

त्याला चिखलातली घंटा दिसली. दारात उभी राहिलेली लेक दिसली. त्यानं दात आवळले आणि घराकडं वळला. पळाला नाही, मागं बघितलं नाही. बांधाला लागून उसात कोणी तरी त्याच्या बरोबरीनं चालत होतं. तो थांबला की ते थांबायचं. ऊस संपला तिथं ते राहिलं.

सकाळी बघितलं तर बांधाच्या कडेच्या ओल्या मातीत वाघराची पावलं होती, त्याच्या चपलेच्या ठशांना धरून, पार उसाच्या टोकापर्यंत. लोक म्हणाले, सोमनाथभाऊ, नशिबानं वाचलात. त्यानं मान हलवली. वाघरू 'अवं' म्हणत नाही, हे तो कुणाला सांगणार होता?

त्या दिवशी त्यानं उसाचं पाणी दुपारीच बंद केलं. संध्याकाळी प्रज्ञा चाळीत कांदा निवडायला बसली. म्हणाली, आई वाचायची तसं तुम्ही वाचा की आण्णा, मी ते कधी धड ऐकलंच नाही. सोमनाथ पोत्यावर बसला. तो अडखळत वाचत होता. ती मधूनमधून त्याला हसत होती. राणीचं विष झालं, राजाची फौज झाली, आणि ते पान आलं. बाहेर दिवेलागण झाली होती.

प्रज्ञानं हातातला कांदा खाली ठेवला आणि उसाकडं मान वळवली.

"आण्णा, कुणी हाक मारली का मला?"

सोमनाथनं उठून चाळीचं दार लावून घेतलं आणि तिच्या अगदी समोर येऊन बसला.

"न्हाई. तू हिकडं बघ," तो म्हणाला, आणि पुस्तकात बघत, पुस्तकात नसलेलं मोठ्यानं वाचू लागला. "भैरूनं ओ दिली नाही."