चाचणी नावाचा सर्व्हर

प्रणितचा हात कमांड लिहिण्यात भलताच सराईत होता. नवीन पनवेलच्या त्या तीन खोल्यांच्या कंपनीत तो सकाळी एका ओळीत वीस सर्व्हर उभे करायचा, नव्या प्रोग्रॅमला त्यांच्यावर झोडपून काढायचा, आणि जेवणाआधी दुसऱ्या ओळीत सगळ्यांचा निकाल लावायचा. दूर कुठेतरी असलेली भाड्याची यंत्रं ती. काम झालं की मारायची. ज्याच्या नावात ‘चाचणी’ तो मेला, एवढा साधा नियम.

त्या बुधवारी वीसच्या जागी एकवीस मेल्याचं पडद्यावर आलं. प्रणितने ते वाचलं आणि जेवायला बसला.

एकविसावा होता बळीराम घरतच्या कंटेनर यार्डाचा. महिन्यापूर्वी प्रणितचा वरिष्ठ अवधूत याने तो नुसता दाखवायला उभा केला होता. बळीरामशेठला आवडला, आणि दुसऱ्या दिवसापासून न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या ट्रकांचे गेटपास त्याच्यावरच निघू लागले. नावातलं ‘चाचणी’ बदलायचं अवधूतकडून राहून गेलं.

पाऊण तासाने बळीराम दारात उभा राहिला. हातात चाकं खोलायचा लोखंडी पाना, सदऱ्यावर रक्त. रक्त त्याचं नव्हतं. पास बंद पडल्यावर फाटकात ट्रक अडकले, ड्रायव्हर एकमेकांवर तुटून पडले, आणि सोडवायला गेलेल्या त्याच्या धाकट्या भावाचं, शिवाचं, डोकं फुटलं होतं.

“कोनी बंद केला?”

अवधूत पुढे झाला आणि यंत्रात बिघाड आहे असं काहीसं सांगू लागला. वाक्य पुरं व्हायच्या आत पाना त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज प्रणितने ऐकला. अवधूत टेबलाखाली कोसळला.

“चालू कर,” बळीराम प्रणितला म्हणाला. “नायतर याचा दुसरा खांदा.”

प्रणितने ओळ लिहिली. तीन मिनिटांत नवा सर्व्हर उभा राहिला, यार्डाचं पान उघडलं. बळीराम वाकून वाचू लागला. यार्डात असलेले कंटेनर: शून्य.

“एकशे चालीस कंटेनर हायत माझे. कुठं गेले?”

येतील शेठ, जरा वेळ द्या, असं अवधूत खालून कण्हत म्हणाला. गप्प राहिलं तर पाच मिनिटं निभणार होती, आणि सहाव्या मिनिटाला मार पुन्हा अवधूतच खाणार होता.

“नाही येणार, शेठ. ती यादी पुसली गेली. मी पुसली.”

नाव बदलायचं कुणाकडून राहिलं होतं, ते त्याने सांगितलं नाही.

बळीरामने त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि पाना दोनदा मारला. मग गचांडी धरून जिना उतरवला, जीपमध्ये कोंबला.

यार्डात कंटेनरचे पत्रे उन्हाने तापले होते. सुजलेला हात छातीशी धरून प्रणित एकेका कंटेनरपुढे उभा राहून नंबर वाचत होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला शिवा वहीत उतरवून घेत होता. टॉवेलमधून रक्त अजून झिरपत होतं.

“जोरानं वाच,” शिवा म्हणाला. “या कानानं मला ऐकू येत नाय.”

प्रणित त्याच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तोच नंबर पुन्हा वाचू लागला.